नोंद क्रमांक तीनशे सतरा

माझगावच्या आमच्या संग्रहालयात
तिसऱ्या दालनात, खिडकीकडून दुसऱ्या कपाटात
एक घडीचं लाकूड आहे.
दोन फळ्या, कात्रीसारख्या एकमेकींत अडकलेल्या,
एका टोकाला लोखंडी जीभ, जिभेला दात.
स्वाहिली किनाऱ्याचं, एवढं नक्की.

पहिली नोंद अठराशे नव्वदची, तिरक्या अक्षरात:
'हत्यार. बंडखोरांच्या गावातून. दाता: कॅप्टन हार्डविक.'
गावाचं नाव नाही.
गाव जाळलं का, तेही नाही. पण फळीची एक कड
कोळशासारखी काळी आहे.
पुसते मी. जात नाही.

दुसऱ्या साहेबाला ते पोथी ठेवायचं आसन वाटलं,
'जिभेचं प्रयोजन अज्ञात.'
त्याने खाली लाल मखमल घातली.
स्वातंत्र्यानंतर कुणीतरी मखमल काढून
लिहिलं, 'आदिम कला'.
आणि बारा वर्षांपूर्वी सल्लागार आले,
वरून एक दिवा सोडला, पाटीवर नुसतं
'रूप, चार'.
सावली मात्र छान पडते आता.

मी हंगामी. अकरा महिन्यांचा करार,
एक दिवस घरी, पुन्हा अकरा.
जुन्या नोंदी संगणकात भरायच्या.
रकाने ठरलेले: माप, लाकूड, देश, दाता, उपयोग.
तीनशे सतराच्या उपयोगापाशी
कर्सर लुकलुकत राहायचा
आणि मी चहाला जायचे.

मार्चमधली दुपार, अडीचची.
पेंबा बेटावरची बाई. म्वानाकोंबो,
नाव तिनेच वहीत लिहिलं.
नवऱ्याच्या हृदयाची झडप बदलायला आलेली,
इस्पितळात भेटायची वेळ चारची, बाहेर ऊन,
म्हणून आत.
कपाटासमोर थांबली आणि हसली.
आमच्याकडे कुणी हसत नाही;
पहारेकरी याकूत स्टुलावरून उठला.
'म्बुझी,' ती म्हणाली. 'म्बुझी!'
आम्हाला कळेना तेव्हा बकरीसारखी बेंबटली,
आणि थंड फरशीवर, काळा झगा सावरून,
नसलेल्या फळीवर बसली,
दोन्ही हातांत नसलेली नारळाची वाटी,
गोल, गोल, गोल.

अगं बाई. खवणी.

देवगडला आमची आई आडाळ्यावर अशीच बसायची,
एक गुडघा दुमडून.
काचेमागे ठेवली तर आईसुद्धा
ओळखू येणार नाही.

याकूत सिद्दी. त्याच समुद्राने आणलेल्यांचा वंशज.
उरसात गातो त्यातले निम्मे शब्द
त्याचे त्यालाच कळत नाहीत.
त्याने तिला हळूच एक शब्द विचारला.
तिने सांगितला.
त्याने मला सांगितला नाही.

कपाटाची किल्ली उपअभिरक्षकांकडे, ते रजेवर.
तिने काचेला बोट लावलं, बरोबर दातांपाशी.
डोंगरीच्या लॉजवर नारळाचा भात करायचाय,
मिक्सरमध्ये खोबऱ्याचा लगदा होतो,
हे अर्धं हिंदीत, अर्धं हातांनी.

दुसऱ्या दिवशी परळहून माझी खवणी
वर्तमानपत्रात गुंडाळून आणली.
दारावरचं यंत्र बोंबललं.
याकूतने नियमाप्रमाणे पुडकं सोडलं,
वहीत लिहिलं: 'हत्यार नाही.'

खवणी परत आली नाही.
झडप बसली का, भात जमला का,
नोंद नाही.

उपयोगाच्या रकान्यात मी शब्द टाइप केला.
संगणक म्हणाला, हा शब्द यादीत नाही,
जवळचा निवडा:
हत्यार. आसन. कला. रूप.

अजून निवडलेला नाही.
करार एकतीसला संपतो.